शेवंती लाकूड खाते

हिंदुराव सुतारानं सकाळी शेडचा पत्रा बाजूला सारला आणि पहिली नजर गेली ती भिंतीला टेकवलेल्या चौकटीवर. तिच्या उजव्या बाहीचं, उभ्या लाकडाचं, वीतभर सागवान कुणीतरी खाल्लं होतं. घुशीचं काम नव्हतं, वाळवीचं तर नव्हतंच. खाली भुस्सा, ओलसर ढलप्या आणि त्या ढलप्यांवर पाय ठेवून निवांत उभी असलेली शेवंती. बदामी अंग, कपाळावर पांढरा ठिपका, आणि ओठाला सागवानाची कुसळं.

दीड वर्षानं चौकटीचं काम आलं होतं. हल्ली मोडनिंबात लोक दुकानातून तयार दारं आणतात, लोखंडी चौकट सिमेंटात गाडतात आणि सुताराला बोलावतात ते बिजागरी पिळायला. केम गावच्या एका गुरुजींना मात्र लाकडाचीच चौकट हवी होती, वर गणेशपट्टी कोरलेली. शुक्रवारी ती बसवायची होती, पूजेला भटजी सांगून ठेवला होता. आज बुधवार होता.

"युवराज! ऊठ, बाहीर ये. तुझ्या बाईसायबांचं जेवन झालंय बघ."

युवराज डोळे चोळत आला. सव्वीस वर्षांचा पोरगा. वरातीहून उशिरा येऊन त्यानं घोडी बांधली होती आणि तसाच झोपला होता. बाही बघून त्याचं तोंड उतरलं, पण बापापुढं उतरलेलं तोंड दाखवायची या घराला सवय नाही.

"दोर जरा लांब ऱ्हायला."

"जरा? माझी पंधरा दिवसांची मेहनत हिच्या पोटात गेली, आन जरा? आता एक तर ही ऱ्हाईल हितं, न्हायतर मी."

"तुमी कशाला जाताय? मीच जातो. चाकनला कंपनीत अजून बोलावत्यात मला," असं म्हणून युवराजनं बादली उचलली आणि तो हौदाकडं गेला.

चुलीपुढं बसलेल्या गोजरबाईनं सगळं ऐकलं होतं. तिनं चहाचा पेला नवऱ्यापुढं ठेवला, नव्हे, आपटला.

"घालवा की घोडी. आजच घालवा. पर ध्यानात घ्या, घोडी गेली का मागनं पोरगं गेलं. दोन वर्सं मी दोनच मानसांच्या भाकरी थापल्यात. परत न्हाय थापनार."

हिंदुरावनं पेला उचलून चहा संपवला. दोन वर्षं युवराज चाकणला होता. रात्रपाळ्या करून करून पोरगं हळदीसारखं पिवळं पडलं होतं. मग एक दिवस तो परत आला, साठवलेल्या पैशातून अकलूजच्या बाजारात घेतलेली ही घोडी घेऊन. तिला नाचायला त्यानंच शिकवलं. पाय कसा उचलायचा, ताशावर मान कशी झुलवायची, सगळं. तेव्हापासून घरात पोराचा आवाज होता. तो आवाज राहायचा तर घोडी राहायला हवी, आणि घोडी राहायची तर तिचं हे लाकूड खाणं थांबायला हवं. एवढं साधं गणित होतं, पण ते सुटेना.

स्वतःच्या घराच्या दारासाठी म्हणून हिंदुरावनं एक सागवानी फळी बारा वर्षं माळ्यावर जपली होती. ती काढून त्यानं दोन दिवस मान वर न करता नवी बाही घडवली. शुक्रवारी चौकट केमला उभी राहिली. गुरुजींनी सुताराला नारळ आणि टोपी दिली. हिंदुराव टोपी घालून परतला तेव्हा शेवंतीनं गव्हाणीची कड खायला घेतली होती.

मग युद्ध सुरू झालं.

गॅरेजमधलं जळकं ऑइल आणून हिंदुरावनं गव्हाणीला फासलं. दोन दिवस घोडीनं गव्हाणीला तोंड लावलं नाही, ती शेडच्या मधल्या खांबाला लागली. खांबाला हिरव्या मिरचीचा ठेचा चोपडला. त्या वासानं गोजरबाई दिवसभर शिंकत राहिली आणि घोडीनं खुंटी कुरतडली. खुंटी काढून लोखंडी कडी ठोकली, तर जवळ ठेवलेला दाताळ्याचा दांडा गेला. युवराजनं मोबाईलवरून कसल्याशा कडू औषधाची बाटली मागवली आणि उरल्यासुरल्या लाकडाला ते फासलं. हिंदुराव एकेका लाकडाला पत्रा ठोकत गेला. महिनाभरात सुताराच्या शेडात लाकूड असं दिसेनासं झालं, नुसता पत्रा. आणि शेवंती आता स्वतःचा दोर चावायला लागली, भिंतीचे पोपडे चाटायला लागली.

गावाला तर आयतंच मिळालं. पारावरून कुणीतरी ओरडायचं, "मिस्त्री, घोडीला रंधा मारायला शिकवताय म्हनं! चला, तुमाला बी हाताखाली कुनीतरी झालं!"

हिंदुराव हसल्यासारखं करायचा. आत मात्र त्याला फार लागायचं, कारण हाताखाली कुणी ठेवण्याइतकं काम आता त्याच्याकडं उरलंच नव्हतं.

एक दिवस काहीच काम नव्हतं. युवराज बँडवाल्यांकडं तारखा ठरवायला गेला होता. हिंदुरावनं शेडच्या तोंडाशी बाज टाकली आणि मनाशी ठरवलं, आज हिच्याकडं नुसतं बघायचं. लाकूड नासलं की सुतार आधी बघतो, मग हत्यार उचलतो. इथं त्यानं आधी हत्यार उचललं होतं, ते काही शहाण्याचं लक्षण नव्हतं.

पहाटे युवराज तिला चंदी द्यायचा. भिजवलेले हरभरे, भुसा, गुळाचा खडा. ते सगळं पाव तासात फस्त व्हायचं. कडबा म्हणाल तर दिवस मावळताना एक पेंढी, तीही मोजून मापून बारकी. यंदा अवकाळी पावसानं गावातला निम्मा कडबा काळा पडला होता हे खरं, पण खरं कारण निराळं होतं. वरातीच्या घोडीचं पोट पाठीला लागलेलं पाहिजे, कडब्यानं पोट सुटतं, सुटलेल्या पोटाच्या घोडीवर नवरदेव शोभत नाही. हे बँडवाल्यांपासून मंडपवाल्यांपर्यंत सगळे सांगायचे, आणि युवराज तर त्याची शपथच घ्यायचा.

साडेनऊला ऊन शेडच्या आत आलं. शेवंतीनं एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. परत पहिल्यावर. मान वर केली, खाली टाकली. मग तिचं तोंड रिकामंच हलायला लागलं. दात नुसतेच एकमेकांवर फिरत होते. बघवेना. थोड्या वेळानं तिला खांबाचा पत्रा सुटलेला एक कोपरा सापडला आणि तिनं तिथं दात लावले.

हिंदुराव उठून जवळ गेला. ती लाकूड आडवं तोडत नव्हती. रेषेरेषेनं वरून खाली सोलत होती, लांब लांब धांदोट्या काढत होती. त्या धांदोट्या ती चावत बसायची, चावत बसायची, आणि निम्म्या थुंकून द्यायची. पोटासाठी खाणारं जनावर थुंकत नाही. हिला चावायला काहीतरी हवं होतं, एवढंच. हरभरा काय, चावला की संपला. मग उरलेला आख्खा दिवस त्या दातांनी करायचं काय?

कोंबड्यांच्या खुराड्यावर जुना कडबा शाकारलेला होता. हिंदुरावनं त्यातलाच मूठभर उपसला, झटकला, हुंगून बघितला आणि तिच्यापुढं धरला. शेवंतीनं खांब सोडला. असा सोडला की जसं तिथं काही नव्हतंच. त्या चार धाटांवर ती अर्धा तास रमली, आणि हिंदुराव परत बाजेवर बसून तिला बघत राहिला.

"कोंबड्या पावसात भिजवायच्या का आता?" मागून गोजरबाई म्हणाली. मग तिची नजर बाजेखाली गेली. तिथं चिंचेच्या छिलप्यांचा ढीग पडला होता. सकाळी मनगटाएवढं असलेलं चिंचेचं लाकूड हिंदुरावच्या हातात आता काडीएवढं उरलं होतं, आणि ते तासायला आपण कधी घेतलं हे त्याला आठवत नव्हतं.

"दोघं बी सारकीच," गोजरबाई पदर तोंडाला लावून म्हणाली. "काम नसलं की बसल्या जागी लाकडाच्या मागं."

हिंदुराव चिडला. बायको खरं बोलली की तो असाच चिडायचा.

संध्याकाळी त्यानं युवराजला सांगून बघितलं. "दुपारची तिला एखादी पेंढी टाकावी म्हनतो."

"आबा, तुमी लाकडाचं बघा. घोडीचं मला कळतंय."

झालं. विषय तिथंच मिटला. हिंदुरावनं मग जे केलं ते पोराला न सांगता केलं.

चांगला कडबा गावात एकाकडंच होता, अमृत माळ्याकडं. त्यानं वेळेवर गंजी रचून वर ताडपत्री ओढली होती. हिंदुरावच्या बापाच्या काळात माळ्याचं घर बलुत्याचं. नांगर, कुळव, पाभर सगळं सुताराच्या हातचं, आणि सुगी झाली की सुताराच्या दारात जोंधळ्याचं पोतं आणि कडब्याची गाडी आपोआप यायची. ट्रॅक्टर आले आणि ते सगळं बंद पडलं. हिंदुरावनं तेव्हापासून कुणाच्या खळ्यावर पाय ठेवला नव्हता. त्या दिवशी हत्यारांची पिशवी खांद्याला लावून तो निघाला.

अमृतच्या ओट्यावर चारजण बसले होते.

"मिस्त्री? आन पिशवी घिऊन?" अमृत हसला. "बलुतं मागायला आलाय का काय? कुटला काळ ह्यो!"

चौघंही हसले. हिंदुरावच्या कानाच्या पाळ्या तापल्या. परत फिरावं असं वाटलं, पण डोळ्यापुढं ते रिकामं हलणारं तोंड आलं.

"मागत न्हाय. काम दे, कडबा घेतो."

अमृतचं हसू ओसरलं. माणूस वाईट नव्हता, चारजणांत बसल्यावर जीभ सैल सुटायची एवढंच. त्यानं मोडक्या बाजा दाखवल्या, गोठ्याचं दार दाखवलं, दांडे गेलेली कुदळी-फावडी पुढं टाकली. हिंदुराव तीन दिवस तिथं राबला. तिसऱ्या दिवशी बाजेला शेवटची खुंटी बसवताना त्याच्या ध्यानात आलं की तीन दिवसांत आपण एकदाही उगाच लाकूड तासलं नाही.

पेंढ्या त्यानं सायकलवर बांधून आणल्या आणि घराच्या मागं ताडपत्रीखाली रचल्या. युवराज बाहेर पडला की दोन पेंढ्या शेवंतीपुढं पडायच्या. जोडीला खडेमिठाचा एक गोळा. भिंत चाटणारं जनावर मिठाला आसुसलेलं असतं, हे त्यानं गाईवरून ताडलं. ऊन कललं की अमृतच्या मोकळ्या रानात तो तिला तासभर सोडायचा. पहिल्या दिवशी दोर काढला तर ती जागची हलेना. मग एकदम अशी सुटली की हिंदुराव दोर हातात घेऊन मागं धावला. चार फेऱ्या मारून ती मातीत लोळली, उठली, अंग झाडलं आणि गपगुमान धसकटं हुंगायला लागली. एवढ्या वयात हिंदुरावला उगीचच हसू फुटलं, आणि ते बराच वेळ थांबेना.

पंधरा दिवसांनी त्यानं खांबावरचे पत्रे काढले. गव्हाणीची कड रंधा मारून साफ केली आणि रोज सकाळी अंगठा फिरवून बघायला लागला. दाताची नवी खूण कुठंच उठत नव्हती.

"बाटलीचं औषध लागू पडलं बगा, आबा," युवराज एकदा म्हणाला.

"व्हय," हिंदुराव म्हणाला.

वैशाखात वेळापूरला मोठी वरात होती. लगाम धरणारा गडी आला नाही म्हणून हिंदुराव बरोबर गेला. टेम्पोतून घोडी उतरवली, खोगीर चढवलं, आणि युवराज पोटाखालून तंग आवळायला लागला तर नेहमीच्या भोकापर्यंत पट्टा पोचेना.

"चामडं आखडलं का काय?"

हिंदुराव दुसरीकडं बघत राहिला.

शेवंती नाचली मात्र झकास. तासभर नाचूनही तिनं ना कुणाचा चावा घेतला, ना मध्येच अडून बसली. पण लोकांची नजर कुठं जायची ती गेलीच. पोट थोडं गोल झालं होतं. फार नाही. पण नवरदेवाच्या मामाला तेवढं पुरलं. त्यानं मोबाईल पुढं धरला आणि ताशा थांबल्याचं बघून मोठ्यानं विचारलं, "ओ घोडीवाले, वरात आमची हाय का डोहाळजेवान हिचं?"

सगळी वरात खिदळली. बँडवाल्यानं लगेच डोहाळजेवणाच्या गाण्याची ओळ वाजवली. युवराजही हसला. पण त्याच्या मानेची शीर तट्ट फुगली होती, आणि लगामापाशी उभ्या असलेल्या बापाला ती दिसत होती.

परतीच्या वाटेवर टेम्पोत युवराज तंगाचा पट्टा हातात घेऊन त्याची भोकं परत परत मोजत होता. दुसऱ्या दिवशी सकाळी युवराज घराच्या मागं गेला आणि ताडपत्री उचलून उभा राहिला.

"कोन घालतंय हे?"

"मी," हिंदुराव म्हणाला. "बाटलीनं न्हाय, कडब्यानं थांबलीय ती. उपाशी दातानं लाकूड खात हुती."

"मग मला का न्हाय सांगितलं?"

"सांगितलं की. तू ऐकलंस?"

युवराजनं ताडपत्री सोडून दिली. "चार गावांत हसं झालं माझं. त्यो व्हिडिओ फिरतोय आता. मला न्हाय करायचा ह्यो धंदा. इकतो घोडी आन जातो चाकनला."

त्यानं तिथंच उभं राहून अक्कलकोटच्या चन्नप्पाला फोन लावला. चन्नप्पा घोड्यांचा दलाल, माणूस पक्का. रविवारी येतो म्हणाला. त्या दिवसापासून गोजरबाई दोघांशीही बोलेना. भाकरी मात्र थापायची, तिघांपुरत्या. थापताना तवा असा वाजायचा की जेवायला बसू नये असं वाटायचं.

रविवारी पहाटेपासून युवराज शेडात होता. त्यानं शेवंतीला खरारा केला. पुसून काढलं, आणि परत खरारा केला. आयाळ विंचरली. विकायच्या जनावराला माणूस उजळवतो, त्यात नवल नाही. पण तो तिची आयाळ विंचरताना तोंड भिंतीकडं करून उभा होता, आणि विंचरून झाल्यावरही वळत नव्हता. हिंदुराव दारातून बघत होता. या पोराला कुठंही जायचं नाही, हे त्याला लख्ख कळलं. पण शब्द तोंडातून गेला होता, आणि गेलेला शब्द गिळायला या पोराला कुणी शिकवलं नव्हतं. कोण शिकवणार? बापाला तरी कुठं येत होतं?

चन्नप्पा आला. पांढरं धोतर, कपाळाला भस्माचे पट्टे, हातात छडी. चहा नको म्हणाला आणि थेट घोडीपाशी गेला. अंगावरचे केसांचे भोवरे बघितले, खुरांवर छडी वाजवली, पोटावर थाप मारली.

"होट्टी जरा हाय," तो पोटाकडं बोट करून म्हणाला. "हुईल कमी. चाल बरी हाय. वारा पिती काय हो? लाकडाला दात टेकून ढेकर देत्यात तसं?"

"न्हाय," युवराज म्हणाला.

"आन लाकूड खाती?"

युवराजनं तोंड उघडलं. 'न्हाय' एवढा एकच शब्द बोलायचा होता, आणि आता तो खराही होता. पण तो शब्द निघाला की घोडी जाणार, हे त्यालाही कळत होतं. तो पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत राहिला.

"खाती," हिंदुराव म्हणाला.

युवराजनं झटकन वर बघितलं.

"लई खाती," हिंदुराव पुढं आला. "माझी सागवानी चौकट खाल्ली. दाताळं खाल्लं. चन्नप्पा, तुमच्या गोठ्यात तुळया हायत न्हवं? वरीसभरात आभाळ दिसंल तुमाला."

चन्नप्पानं डोळे बारीक केले. त्यानं खांबावरून हात फिरवला, गव्हाणीच्या कडेवरून फिरवला. "मग खुना कुटं हायत, मिस्त्री? लाकूड तर ऐन्यासारकं गुळगुळीत हाय."

"मी सुतार हाय," हिंदुराव म्हणाला. "रोज सकाळी रंधा मारतो."

चाळीस वर्षांत हिंदुरावनं लाकडाची गाठ लपवली नव्हती. फटीत भुस्सा भरून गिऱ्हाइकाच्या गळ्यात दार मारलं नव्हतं. हे खोटं एवढं सहज कसं तोंडातून आलं याचं त्याचं त्यालाच नवल वाटलं.

चन्नप्पानं घोडीचा ओठ वर उचलला. पुढच्या दातांच्या कडा झिजलेल्या होत्या. मागचे महिने दातांनी काही पुसून टाकले नव्हते. त्यानं मान हलवली.

"दात खरं सांगतोय. बेडप्पा, बेड! नगं, आमाला न्हाय जमत." त्यानं छडी काखेत मारली. "मिस्त्री, तुमी खरं बोललासा म्हनून राग न्हाय. पर उद्या कुनी इचारलं तर मी बी खरं सांगनार. आमच्या धंद्यात तसंच हाय."

"सांगा की," हिंदुराव म्हणाला.

चन्नप्पाची मोटारसायकल रस्त्याला लागेपर्यंत दोघं बापलेक तसेच उभे राहिले. मग युवराज गव्हाणीच्या कडेवर बसला.

"आबा, महिना झाला. तिनं लाकडाला तोंड लावल्यालं न्हाय."

"मला म्हाईत न्हाय व्हय?"

"आता अक्कलकोटापासनं अकलूजपातूर बोभाटा करंल त्यो. हिला कुनी घेनार न्हाय आता. जलमभर न्हाय."

"न घेऊ दे."

युवराजनं शेवंतीच्या मानेवरून हात फिरवायला सुरुवात केली. "आन पोट? उद्या परत कुनीतरी हसंल."

"हसू दे. खानाऱ्याला पोट असतंय."

आतून गोजरबाईचा आवाज आला. आठवड्यात पहिल्यांदाच ती बोलत होती. "झुलीला दीड वीत कापड जोडून देती मी. झाकंल सगळं. एवढ्याशा पोटापायी घर मोडाय निगालं हुतं, मेलं!"

युवराज उठला. काही न बोलता घराच्या मागं गेला. ताडपत्री खसखसली. येताना त्याच्या काखेत कडब्याची पेंढी होती. ती त्यानं गव्हाणीत ठेवली, पेंढी बांधलेल्या आळ्याची गाठ सोडली, धाटं हातानं विस्कटली आणि बापाकडं न बघता विचारलं, "दुपारची एवढीच टाकायची, का अजून?"

हिंदुरावनं दोन बोटं दाखवली.